पाळी असल्यास गोल करा

ताकद या विषयावर पीएच.डी. करणाऱ्याच्या अंगात स्वतःची ताकद किती असावी, याबद्दल विद्यापीठाने काही नियम केलेला नाही. केला असता तर माझा अर्ज पहिल्याच टेबलावर बाद झाला असता. यवतमाळच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, तिथे शारीरिक शिक्षण विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या एकोणतीस पायऱ्या चढताना मी मध्ये एकदा थांबते. थांबून मोबाईल बघितल्यासारखं करते, म्हणजे पोरींना शंका येत नाही.

कधीकाळी मी वजन उचलायचे. विद्यापीठाच्या संघात होते. एका सरावात उजवा खांदा गेला आणि त्याच्यासोबत तो नादही गेला. उचलता येत नाही तर निदान त्यावर लिहावं, म्हणून संशोधनाला लागले. "नाचता येईना म्हणून निशिगंधानं अंगण मोजायला घेतलं," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. अंगण मोजता मोजता सहा वर्षं झाली. मी चौतीस वर्षांची झाले. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती आणि या वर्षीची एकतीस मार्च ही शेवटची तारीख होती. तोवर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, पुन्हा प्रवेश परीक्षेपासून सुरुवात. ते मला झेपलं नसतं, हे मला चांगलं माहीत होतं.

विषय साधा होता. कापूस वेचणाऱ्या बायकांना बारा आठवडे वजनाचा व्यायाम दिला, तर त्यांच्या हाताची पकड आणि पाठीची ताकद वाढते का? यासाठी मला राळेगावपासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावात लालीबाई भेटली. लालीबाई पंचावन्नच्या आसपासची, उंच, चौथी शिकलेली. गावातल्या मजूर बायांच्या टोळीची ती प्रमुख. कोणाच्या शेतात किती बाया जायच्या ते ती ठरवायची आणि सगळ्यांची हजेरी तीच लिहायची.

विषय ऐकून ती हसली होती.

"दिवसभर ओझंच तं उचलतो आमी. तुमी आनखी उचलाले लावता?"

मी म्हटलं, "कामानं माणूस झिजतो, लालीबाई. व्यायामात वजन हळूहळू वाढवायचं आणि मध्ये आराम द्यायचा. त्यानं माणूस भरून येतो."

"आराम देता? मंग चालते," ती म्हणाली आणि चोवीस बाया उभ्या केल्या.

चिठ्ठ्या टाकून मी त्यांचे दोन गट केले. बारा जणी व्यायाम करणार, त्यांचा प्रशिक्षण गट. उरलेल्या बारा काहीही करणार नाहीत, त्यांचा नियंत्रण गट. दोन्हींची ताकद आधी मोजायची, बारा आठवड्यांनी पुन्हा मोजायची आणि फरक बघायचा. हे मी लालीबाईला समजावून सांगितलं.

"आन ह्या दुसऱ्या बारा जणींनं काय कराचं?"

"काही नाही."

"काईच नाई?"

"काहीच न करणं हेच त्यांचं काम."

लालीबाईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, तिला शास्त्र पटलं. मला बसची घाई होती.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरुवात झाली. सोमवार, बुधवार आणि शनिवार, सकाळी साडेसहा, समाजमंदिराचा ओटा. खताच्या रिकाम्या पिशव्यांत रेती भरून मी पाच, आठ, दहा आणि पंधरा किलोची वजनं केली होती. पिशवी छातीशी धरून उठाबशा, पिशवी जमिनीवरून उचलणं, सायकलच्या ट्यूबा ओढणं, एवढाच व्यायाम. पकड मोजायचं एक यंत्र होतं, हातात घेऊन दाबलं की काटा किलो दाखवायचा. बाया त्याला चिमटा म्हणायच्या. "मी आज तेवीस किलोची," असं एकमेकींना सांगत घरी जायच्या.

लालीबाईच्या हाती मी एक हजेरीचं रजिस्टर दिलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात सूचना लिहिल्या: हजर, बरोबरची खूण. गैरहजर, फुली. पाळी असल्यास गोल करा. ही तिसरी सूचना निकोडे सरांची, म्हणजे माझ्या गाईडची. पाळीच्या दिवसांत बायकांची ताकद कमी होते का, याचं एक छोटं प्रकरण जोडलं तर प्रबंधाला वजन येईल, असं ते म्हणाले होते.

लालीबाईने सूचना बोट ठेवून वाचल्या. "पाळी असली तं गोल. बरं. पण पाळी ठरवाची कशी?"

बस लांबून दिसत होती. मी पर्स उचलत म्हटलं, "ती ठरवायची नसते, लालीबाई. ज्याची त्याची येते. तुम्ही फक्त लिहून ठेवा."

"ज्याची त्याची," ती म्हणाली. "हे बराबर हाय."

पहिला आठवडा मी तिन्ही दिवस गेले. पहाटेची बस, मग राळेगावहून मिळेल ते वाहन. परत येऊन अकराचा तास, मग दुसऱ्या कॉलेजात दोनचा तास. दुसऱ्या आठवड्यात एकदाच गेले. मग कॉलेजात कुठलीशी तपासणी समिती यायची होती आणि आम्ही तासिकावाले रंगरंगोटीपासून फायलींपर्यंत सगळ्याला जुंपले गेलो. मग खांदा सुजला. मग परीक्षा. असं करत छत्तीस दिवसांपैकी मी हजर राहिले नऊ दिवस. मी यायचे त्या दिवशी पकड मोजायची असायची, म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगायचे, "उद्या मोजायचं आहे, यादीतल्याच बाया पाहिजेत." यादीतल्या बाराच्या बारा उभ्या असायच्या. बाकीच्या दिवसांचा रजिस्टरचा फोटो लालीबाई शनिवारी पाठवायची. एक फुली नाही. प्रबंधात मी लिहिलं: 'सर्व छत्तीस सत्रे संशोधिकेच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली पार पडली.' असं सगळेच लिहितात.

फेब्रुवारी संपता संपता शेवटची मोजणी झाली आणि तिथे पहिला दणका बसला. व्यायाम करणाऱ्या बारा जणींची पकड सरासरी साडेतीन किलोने वाढली होती. ठीक. पण काहीच न करणाऱ्या बारा जणींचीही पावणेतीन किलोने वाढली होती. मी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. स्वतःच्या हातात धरून दाबलं. माझी पकड मात्र सहा वर्षांपूर्वी होती त्याहून चार किलोने कमी भरली, म्हणजे यंत्र बरोबर असावं.

निकोडे सरांना आकडे दाखवले. सर मनाने वाईट नाहीत, निवृत्तीला आलेले आहेत आणि त्यांना कटकट नको असते. ते म्हणाले, "हंगामात सगळ्यांचीच पकड थोडी वाढत असेल. तसं लिहून टाक. पण तुझं पाळीचं प्रकरण झकास झालंय बरं का."

ते खरंच झकास झालं होतं. रजिस्टरमध्ये गोल इतके होते की मी चक्रावले होते. कोणाला महिन्यात दोनदा गोल, कोणाला तीनदा. एका आठवड्यात सोमवारी गोल, बुधवारी नाही, शनिवारी पुन्हा गोल. मी अकरा पानं लिहिली होती, कष्टकरी बायकांच्या पाळीतल्या अनियमिततेवर. दोन तक्ते, एक आलेख. या विषयाकडे आजवर कुणाचं लक्ष कसं गेलं नाही, असा एक जरा रागाचा परिच्छेदही होता.

सगळ्यात जास्त गोल रुखमाबाईच्या ओळीत होते. रुखमाबाई एकोणपन्नास वर्षांची, बारीक, कमी बोलणारी. फेब्रुवारीच्या बारा दिवसांत तिला आठ गोल. मला धडकीच भरली. या वयात इतका रक्तस्राव म्हणजे गर्भाशयाचं काही तरी असणार. माझी मावशी त्यातच गेली होती. मी लालीबाईला फोन केला, रुखमाबाईला दवाखान्यात न्यायचं आहे, एवढंच सांगितलं. लालीबाई म्हणाली, "न्या बाप्पा. तिचं अंग दुखते खरं."

मार्चच्या पहिल्या मंगळवारी मी रजा टाकली. रुखमाबाई बसने यवतमाळला आली, मी तिला स्टँडवर घेतलं आणि बायकांच्या दवाखान्यात नेलं. दोन तास रांगेत बसलो. मी तिला धीर देत होते आणि ती मला आपल्या पिशवीतली बोरं देत होती. डॉक्टर बाई तरुण होत्या. मी त्यांना रजिस्टरचे फोटो दाखवले, काळजी सांगितली. त्यांनी रुखमाबाईकडे वळून विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती, मावशी?"

रुखमाबाई विचारात पडली. "शनवारी आलती. पण म्या तुळसाले देल्ली."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवला. "काय दिली?"

"पाळी. माह्या सुनेचं बाळंतपण होतं न. मले येनं नाई झालं. तं माह्या पाळीवर तुळसा गेली. त्याच्या आंधी बुधवारीबी थेच गेलती."

मग डॉक्टर बाईंनी दुसऱ्या शब्दांत विचारलं, "महिना, मावशी. महिना कधी येतो?"

"थो जाऊन तं तीन वर्सं झाले," रुखमाबाई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, यासाठी आणलं काय मले?"

मला हसावं की रडावं कळेना, असं लिहायची पद्धत आहे. मला कळलं होतं. मला रडायचं होतं, पण रांगेत अजून तीस बायका होत्या. डॉक्टर बाईंनी रुखमाबाईचं रक्त तपासायला दिलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला सांगितलं की पेशंट ठणठणीत आहे, तुम्हीच थोड्या फिकट दिसता.

परतीच्या बसने मी रुखमाबाईसोबत गावात गेले. लालीबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी रजिस्टर मागितलं, पान उघडलं आणि एका गोलावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"पाळी. तुमीच तं सांगतलं."

"लालीबाई, पाळी म्हणजे महिना. बायकांचा."

लालीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. हसू दाबत होती की शरम, मला कळलं नाही. "अवो माय! आमी त्याले महिना म्हणतो, नाईतं कावळा शिवला म्हणतो. दवाखान्यातली बाई एमशी म्हणते. पाळी म्हंजे पाळी. पाण्याची पाळी, वखराची पाळी. तुमी महिना लिवलं असतं तं समजलं असतं न मले."

मग तिने सगळं सांगितलं आणि त्यात लपवण्यासारखं तिला काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात यादीतल्या बाया म्हणायला लागल्या की पाठ हलकी वाटते. ते ऐकून दुसऱ्या बारा जणी लालीबाईच्या दारात आल्या. आमचं काय चुकलं म्हणाल्या.

"म्या काय सांगाव त्याईले? अर्ध्या बायांची कंबर बरी होईन आन अर्ध्या तशाच कण्हतीन, हे कोणत्या देवाच्या घरचं? काम बारा जणींचं होतं, बारा जणी रोज पुऱ्या केल्या म्या. एक दिवस कमी नाई पडू देल्ली. जिची पाळी थे गेली. आन तुमी मोजाच्या दिवशी यादीतल्या पाह्यजे म्हणे, तं त्या दिवशी यादीतल्याच उभ्या केल्या. चुकलं का काई?"

गोलाच्या आत बारीक अक्षरं होती. तु म्हणजे तुळसाबाई, भा म्हणजे भागीरथा. फोटोत ती मला शाईचे डाग वाटली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही आलेख काढून! नियंत्रण गट असा राहिलाच नव्हता. सहा वर्षांचं मुसळ केरात गेलं होतं. आणि मला लालीबाईचा रागही येईना, कारण तिने मला विचारलं होतं, पाळी ठरवाची कशी, आणि मी बसकडे बघत उत्तर दिलं होतं.

"काही चुकलं नाही," मी म्हटलं. एवढं बोलायलाही दम लागला.

निकोडे सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे अजून कोणाला माहीत आहे?"

"गावाला."

"गाव काही प्रबंध वाचत नाही." सरांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, पाळीचं प्रकरण काढून टाक. नियंत्रण गटाची शेवटची मोजणी यंत्र बिघडल्यामुळे पुन्हा घेतली असं दाखव, आकडे काय ते तू बघ. आणि नवीन रजिस्टर कर. दर सत्राचं एक पान, बारा नावं, समोर सह्या, खाली तुझी सही. जुनं जाळून टाक. पोरी, सहा वर्षं झाली. तू किती दमली आहेस ते मला दिसतं. यातून सूट एकदाची."

हे त्यांनी मायेने म्हटलं, आणि मला तेवढीच माया पुरली. दमलेल्या माणसाला पटवायला फार मुद्दे लागत नाहीत. मी दोनशे पानी रजिस्टर घेतलं. दोन दुपारी बसून छत्तीस पानांवर तारखा टाकल्या, प्रत्येक पानावर बारा नावं लिहिली, खाली रेघ ओढून 'संशोधिकेची सही' असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. रजिस्टर इतकं सुरेख दिसत होतं की खरं वाटायला हरकत नव्हती.

बाजाराच्या दिवशी टोळी कामाला जात नाही, त्या दिवशी मी गावात गेले. समाजमंदिराच्या ओट्यावर बाया जमल्या. यादीतल्या होत्या आणि बाकीच्याही होत्या. मी सांगितलं, जुनं रजिस्टर खराब झालं, नवीन केलं आहे, सगळ्यांनी सह्या करा. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी अंगठ्याचा पॅड आणला होता.

रुखमाबाई पहिली बसली. पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या पानापर्यंत केली. सातव्या पानावर थांबली, तारीख वाचली आणि लालीबाईकडे बघितलं.

लालीबाईने पिशवीतून जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं. "ह्या दिवशी तू नोती. तुळसा होती."

"मंग तुळसाले बोलवा."

मी म्हटलं, "असू द्या, रुखमाबाई. तुमचं नाव आहे, तुम्हीच करा."

"म्या उचललंच नाई त्या दिवशी."

"चालतं."

"कसं चालते, बाई? तुळसानं उचललं आन सही म्या केली, तं म्या तिची हजेरी खाल्ली की नाई?"

सह्यांसाठी पुढे आलेल्या बाया मागे सरकल्या. त्यांच्या टोळीत याहून मोठी शिवी नाही, हे मला तेव्हा कळलं. मी लालीबाईला म्हटलं की इथे कोणाची मजुरी नाही, कोणाचं काही बुडत नाही.

"मजुरी नाई म्हून का हजेरी खोटी लिवाची?" लालीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

तेव्हा मी तिला सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चोवीस बायांसमोर. खरं लिहिलं तर माझं सहा वर्षांचं काम जातं, एकतीस मार्चला नोंदणी संपते, पुन्हा सगळं पहिल्यापासून करायची ताकद माझ्यात नाही. शेवटचं वाक्य बोलताना मला स्वतःचीच लाज वाटली.

तुळसाबाईने मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मग लालीबाईने नवीन रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, अंगठ्याचा पॅड त्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुमाले लिवाचं असन तं तुमी लिवा, मॅडम. तुमच्या अंगठ्यानं. आमी कोणाले सांगणार नाई. तुमचं नुकसान व्हावं असं आमाले काहून वाटन? पण आमच्या हातानं नका लिवू."

बाया बघत होत्या. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाशी भांडता येतं. मी पॅडचं झाकण उघडलं. निळी शाई. जितके गोल तितके, म्हणजे सव्वाशेच्या वर अंगठे मला एकटीला उमटवायला किती वेळ लागला असता? एक तास. तासाभरात मी सुटले असते.

मी झाकण लावलं. पेन घेतला, सातव्या पानावरचं रुखमाबाईचं नाव खोडलं आणि समोर तुळसाबाई लिहिलं.

मग ते काम सुरू झालं. लालीबाई जुन्या रजिस्टरमधलं अक्षर वाचायची, मी नाव खोडून दुसरं लिहायचे, जिची सही ती येऊन बसायची. "बारा तारीख. ह्या दिवशी भागीरथा." "म्या तं पंधरा किलोची उचलली त्या दिवशी," भागीरथा सांगायची आणि सगळ्या हसायच्या. तुळसाबाईच्या सतरा सह्या झाल्या. तिची पकड चार किलोने वाढली होती, ती का, ते मला त्या दिवशी कळलं. माझं सुरेख रजिस्टर खाडाखोडीने भरून गेलं. उन्हं ओट्यावर चढली. मला विलक्षण थकवा आला होता, पण गेली काही वर्षं जो यायचा तसा तो नव्हता. हे पुढे न्यायचं तर नवा विषय, नवा अर्ज, नवी परीक्षा. आणि न्यायचं नसेल तर एकोणतीस पायऱ्या, रोजच्या. यातलं काय होणार ते मला माहीत नव्हतं. निकोडे सरांच्या टेबलावर हेच रजिस्टर ठेवायचं, एवढंच ठरलं होतं.

शेवटच्या पानावरची शेवटची सही झाली. मी रजिस्टर मिटायला घेतलं तर लालीबाईने पानावर हात ठेवला.

"ही एक राह्यली न." तिने खालच्या रेघेवर बोट ठेवलं आणि वाचलं, "सं-शो-धि-के-ची सही. हे कोण?"

"मी."

"मंग करा न. आमाले करा म्हणता आन सोता ठेवता?" तिने जुनं रजिस्टर उघडलं. "थांबा, मी सांगतो तुमाले. तुमी आल्या त्या दिवशी म्या पानाच्या वर मॅ लिवलं हाय."

मी पाहिलं. खरंच होतं. पानाच्या कोपऱ्यात बारीक मॅ. कोणी कधी आलं, कोणी नाही, एवढंच तिला लिहायचं माहीत होतं आणि तिने माझंही लिहून ठेवलं होतं.

ती पानं उलटत तारखा सांगत गेली आणि मी सह्या करत गेले. पहिल्या आठवड्याच्या तीन. मग एक. मग बरीच पानं सोडून एक. नवव्या सहीनंतर मी पेन ठेवला. लालीबाई पुढची पानं उलटत राहिली, मॅ सापडेना. तिने परत पहिल्यापासून पाहिलं, मला चुकून कमी मिळू नये म्हणून.

"नऊच," मी म्हटलं. "बरोबर आहे."

"आन हे बाकीचे सत्तावीस दिवस? रेघ तं रिकामी राह्यली."

"त्या दिवशी ओट्यावर कोण असायचं, लालीबाई? पिशव्या कोण काढायचं, चुकलं तर कोण सांगायचं?"

"मी. आनखी कोण?"

मी पेन तिच्या हातात दिला.

लालीबाईने पदराने बोटं पुसली, पहिलं रिकामं पान काढलं आणि 'संशोधिकेची सही' या अक्षरांच्या वर, एकेक अक्षर जोर देऊन, आपलं नाव लिहिलं. सत्तावीस सह्यांना अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला. दुपारची बस निघून गेली. मी बसून राहिले.